सुगीपर्यंत जेवा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. चुका होतील, त्या माफ असाव्यात. पण अक्कांबद्दल लिहायचं राहू नये.

सदाशिव पेठेत अक्कांची मेस होती. मी तिथे भाकऱ्या थापायला होते. नवा मुलगा जेवायला आला की अक्का त्याचं नाव नंतर विचारायच्या. आधी, "तुमच्याकडं पाऊस झाला का?" मुलं बहुतेक कोरडवाहू गावांतली, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहिलेली. अक्काही माणदेशातल्या. "पेरणीच झाली नाही," असं कुणी म्हणालं, की त्याच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी पडायची.

त्यांच्या गावी सुताराला, न्हाव्याला वर्षाचं देणं सुगीत मिळायचं, धान्य खळ्यावर आलं की. अक्कांनी तीच रीत पेठेत चालवली. घरी पिकलं नसेल, तर मेसचे पैसे पुढच्या सुगीला. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अहो, हे पुणं आहे. इथे खळं कुठलं?"

"मग इथली माणसं जेवतात काय?" अक्का विचारायच्या.

एका वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, रानातच करपली. मार्केट यार्डात शाळू गव्हापेक्षा महाग झाला आणि निम्म्या मुलांचे घरून येणारे पैसे थांबले. आमची पोती ज्यांच्याकडून यायची, ते शेठ स्वतः मेसवर आले. मागची बाकी होतीच.

"अक्का, भाकरी बंद करा. फुकट जेवणाऱ्यांना घरी पाठवा."

"परीक्षा तोंडावर आलीय. आत्ता गेली तर परत यायची नाहीत. शाळू नसेल तर बाजरी द्या."

"उन्हाळ्यात बाजरी? पोरं तापतील."

"तापू देत. थंड पोरांना नोकरी कोण देतंय?"

शेठ हसले नाहीत, पण बाजरी पाठवली. अक्कांनी ताक वाढवलं, कांदा वाढवला. तरी एकाचा घोळणा फुटलाच. नाकाला रुमाल लावून तो पंगतीत बसला आणि म्हणाला, "अक्का, अर्धी वाढा." परीक्षेआधी एकही मुलगा गावी गेला नाही.

पुढच्या सुगीला एसटीच्या टपावरून ज्वारीची पोती आली, काहींचे पैसे आले. काही मुलं मात्र दिसलीच नाहीत. अक्कांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. "त्यांच्याकडं अजून पाऊस नसेल," एवढंच म्हणायच्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

दहाव्याला शेठ आले होते. "राहिलेलं मी सोडलं," सगळ्यांसमोर म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले असतील, पण मला ते लागलं. अक्कांची रीत खोटी ठरली, असाच त्याचा अर्थ झाला असता. मी पुरुषमाणसांसमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलले, "मेस बंद नाही. सुगीला देऊ."

एका सुगीत फिटलं नाही. उरलेले पैसे परवा घेऊन मी मार्केट यार्डात गेले. शेठ म्हणाले, "कशाला हो बाई, सोडले म्हटलं ना?"

"मोजून घ्या," मी म्हणाले.

त्यांनी मोजले. पुरे भरले.