पिवळ्या चिंधीची तार

उघड्यावर गॅसचं वेल्डिंग चालत नाही. गॅस जोडावर पोचायच्या आत वारा त्याला उडवून नेतो आणि जोड भोकाभोकांचा निघतो. म्हणून बाहेरच्या कामाला माझा भाऊ बिनगॅसची तार वापरतो. ही तार आतून पोकळ असते आणि पोकळीत पूड भरलेली असते. तारेबरोबर पूड जळते आणि तिचाच धूर जोडाला पांघरूण घालतो. वर खपली येते, ती हातोडीने झाडली की खाली चकचकीत जोड दिसतो.

हे मला दादानेच शिकवलं. माझे यजमान गेल्यावर मी रोह्याजवळच्या अष्टमी गावातलं घर सोडून पेणला त्याच्याकडे आले. रामवाडीत त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आधी मी नुसती ग्रिलला रंग द्यायची. एकदा त्याचा कारागीर पळाला तेव्हा त्याने वेल्डिंगचा टॉर्च माझ्या हातात दिला. "ढकलायचा नाय, बाय. आपल्याकडं ओढायचा," तो म्हणाला. या तारेला टॉर्च मशीनच्या मायनसला लावायचा. तार ढकलणारी चाकं दातेरी लागतात, पण ती फार आवळायची नाहीत, नाहीतर पोकळ तार चेपते. टॉर्चच्या तोंडातून तार पेरभर बाहेर ठेवायची. सगळं मी हातानेच शिकले, आणि दादाने कधी आवाज चढवला नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. खोक्यावरचं सगळं इंग्रजीत असतं, अक्षरं आणि आकडे एकमेकांत घुसलेले. दोन तारा दिसायला सारख्याच. एक पातळ पत्र्याची, ती एकाच थराला चालते. दुसरी जाड प्लेटची, तिचे थरावर थर चढवता येतात. मला कळावं म्हणून दादाने वहिनीच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या केल्या. पातळ पत्र्याच्या रिळाला लाल आणि जाड प्लेटच्या रिळाला पिवळी. दमट हवा लागू नये म्हणून रिळं पत्र्याच्या पेटीत असायची आणि आत एक बल्ब जळत असायचा. पेटी उघडली की चिंध्या दिसायच्या. आम्हा दोघांची ती भाषा होती. दुकानात दुसऱ्या कुणाला ती कळायची नाही, याचंही मला बरं वाटायचं.

बाहेर कामाला जाताना मी दादाचा जुना शर्ट आणि पँट घालायची. वेल्डिंगची काच तोंडावर असली की मला माणसांसमोर उभं राहता यायचं, एरवी माझ्याने ते होत नाही. लोक मला परप्रांतातला कारागीर समजायचे. दादाही काही बोलायचा नाही. मला ते सोयीचंच होतं.

पेणजवळच्या गडबच्या पुढे खाडीकडच्या एका गावात उघाडीचं काम निघालं. बांधात शेतातलं पाणी बाहेर सोडायला जागा असते, तिला उघाडी म्हणतात. तिला लोखंडी झडप असते. ओहोटीला ती उघडते आणि भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. त्या झडपेच्या बिजागऱ्या गंजून सुटायला आल्या होत्या. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. पुनवेचं उधाण यायच्या आधी बिजागऱ्या नव्याने जोडायला हव्या होत्या, नाहीतर खारं पाणी शेतात शिरलं असतं.

दादाने प्लेटी कापल्या. पिवळ्या चिंधीची तार संपली होती. "रोह्याहून घेऊन येतो," म्हणून तो सकाळी गेला आणि दुपारी परत आला. त्याच्या हातात पिवळी चिंधी बांधलेलं रीळ होतं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही बांधावर गेलो. जनरेटर गावातल्या माणसांनी बांबूला बांधून आणला होता.

खाडीवरून वारा असा येत होता की शर्ट फुगत होता. धूर तोंडावर येऊ नये म्हणून मी वारा बाजूने घेऊन बसले. थर टाकला, खपली झाडली, वरून दुसरा टाकला. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी दादाला विचारलं, "तुजा कारागीर मुका हाय काय रं?"

"मुका नाय. पगारवाढ मागत नाय, एवढाच गुण हाय त्याच्यात."

सगळे हसले. काचेआड मीही हसले.

पुनवेला उधाण आलं. झडप आपटून मिटली आणि एक बिजागरी जोडातच तुटली. पाणी रात्रभर आत येत राहिलं. सकाळी गावातली माणसं रामवाडीत आली. त्यांच्याबरोबर एक बाई होती. बांधाला लागून तिचीच खाचरं होती. मी आतल्या बाजूला ग्राइंडरजवळ होते. ते काका म्हणाले, "जोड सुटला तुजा. सांग काय ते."

 दादा म्हणाला, "माझा नाय तो जोड. माझ्या बहिणीनं केला. चौथी शिकल्येली हाय ती. मी करू देयाला नको व्हतं, चुकलं माझं."

एवढी वर्षं त्याने माझा एकही जोड माझा म्हणून सांगितला नव्हता. शाळेचं गेट, देवळाच्या कळसाखालचा सांगाडा, बसथांब्याचं छप्पर. सगळी कामं त्याची होती. पहिल्यांदा माझं नाव निघालं ते असं.

माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काच नव्हती. ती बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "गो, नव्हतं येत तर हात कशाला लावलास? पोटरीतलं भात व्हतं माझं." ती रागावली असती तर मला सोसलं असतं. मी मान खाली घातली आणि उभी राहिले.

ते गेल्यावर दादाही टेम्पो घेऊन कुठेतरी गेला. मी उरलेलं पिवळ्या चिंधीचं रीळ काढलं. पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडून पाहिल्या. तार इतकी छान चालली की पत्रा जळालाही नाही. मग जाड प्लेटचे दोन तुकडे घेतले, थरावर थर टाकले, गार होऊ दिले आणि शिकंज्यात धरून घण मारला. जोड खडीसाखरेसारखा तुटला. रीळ उलटं करून पाहिलं. चिंधी ज्या भोकातून ओवली होती, त्याच्या कडेला लाल दोरे अडकलेले होते. पेटीत लाल चिंधीचं जे नवं रीळ ठेवलेलं होतं, ते आता तिथे नव्हतं.

तो रोह्याला गेला असेलही. तिथल्या दुकानात तार मिळाली नसेल. परत येऊन "मिळाली नाय" म्हणाला असता तर मी काम धरलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने लाल सोडून पिवळी बांधली. कुठे बसून बांधली असेल, असा विचार मी पुष्कळ केला. गाठ तर नेहमीसारखीच नीट होती.

संध्याकाळी तो आला. फुटलेला तुकडा आणि रीळ मी बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवलं होतं. त्याने पाहिलं. "भाकरी झाली काय?" विचारून तो आत गेला.

पुढच्या ओहोटीला दुरुस्ती होती. त्याने नवं रीळ आणलं, पिवळी चिंधी बांधलेलं. मी घरीच राहीन असं त्याला वाटलं असावं. मी शर्ट चढवून टेम्पोत बसले. बांधावर पोचल्यावर सगळ्यांसमोर मी ती चिंधी कापून टाकली. दोन जाड तुकड्यांवर थर टाकले, गार केले आणि घण मारला. परत मारला. तुकडे वाकले, पण जोड सुटला नाही.

"एवढी पारख कशाला, बाय?" दादा म्हणाला. मी टॉर्च उचलला आणि चिखलात उतरले.

काम झाल्यावर ती बाई तांब्या घेऊन आली. तिच्या मागच्या खाचरात भात पिवळं पडून आडवं झालं होतं. मी काच वर केली आणि पाणी प्यायले. दादा दोन पावलांवर वायर गुंडाळत होता. माझा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"मावशी, तुटला तो जोड माझाच होता," मी म्हणाले. "पण तार मी निवडली नव्हती."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादाचे हात थांबले.   रिकामा तांब्या घेऊन ती बांधावरून निघून गेली.

ती झडप अजून धरून आहे. मी अजून रामवाडीतच आहे, कारण अष्टमीत आता माझं कुणी नाही. दादा अजून रिळांना चिंध्या बांधतो, लाल आणि पिवळ्या. नवं रीळ आलं की मी आधी दोन तुकडे जोडते आणि घण मारते. त्या वेळी तो दुकानात असला तर मोबाइल कानाला लावून रस्त्यावर जाऊन उभा राहतो. आवाज थांबला की आत येतो.