पांढऱ्यावर हळदीचा हात

सिनेमातला एक मोठा हिरो हिंगोलीच्या भर बाजारात माझ्याशी बोलला होता, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. घरात नवी सून आली की तिला सांगितलं, बसची वाट बघताना शेजारी टेकलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. आता हिरो म्हातारा झालाय आणि माझे पुढचे दात गेलेत, तेव्हा खरं काय घडलं ते सांगून टाकायला हरकत नाही.

लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. हिंगोलीत साड्यांचं नवं दुकान उघडणार आणि उद्घाटनाला तो येणार, असं ओरडत भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरली. दिवस हळद शिजवायचे. अंगणभर हळद वाळत पडलेली, ती दिवसातून कितीदा तरी परतावी लागते. अशात सुनेनं शहरात जाते म्हणायचं, म्हणजे धाडसच. पण मी तेव्हा अशी काही येडी झाले होते, की सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, मला हिरो बघायचाय."

"काय करतो त्यो?"

"नाचतो. मारामाऱ्या करतो."

"मंग तसे तर आपल्या गावातबी हायेत." मग माझं उतरलेलं तोंड बघून म्हणाल्या, "जा. तुझ्या वाटची हळद मी परतते."

मी लग्नातला शालू काढला. तोंडाला पावडर फासली. हात मात्र हळदीनं पिवळेधमक. राखेनं घासले, लिंबू चोळलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी हातांनाही पावडर लावली. एवढी अक्कल चालवून मी बसमध्ये चढले, तोवर हातांना घाम फुटून पावडर कुठल्या कुठं गेली होती.

दुकानापुढं ही गर्दी. मी कोपरं मारत मारत पार पुढं पोचले. हिरो गाडीतून उतरला, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. तेवढ्यात मागून लोंढा आला आणि माझा हात सपकन त्याच्या पाठीवर बसला. पाचही बोटं उमटली. त्यानं मान वळवून शर्ट बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाला, "अरे यार, ये क्या कर दिया!"

एवढंच. पुढं पोलिसानं मला बाजूला ढकललं.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. सासूबाई कमरेत वाकून हळद गोळा करत होत्या.

"दिसला का?"

"दिसला. बोललासुद्धा."

"काय म्हणला?"

"यार म्हणला. म्हंजे दोस्त."

"मंग बोलव की दोस्ताला. हळद गोळा करायची हाय."

आणि मी बावळट, सासूबाईंवरच रुसले. दिवसभर माझ्या वाटचं काम त्यांनी केलं, त्यांची कंबर धरली, ते दिसलं नाही. पांढऱ्या शर्टातल्या माणसाचं वसकणं मात्र मी प्रसादासारखं जपून ठेवलं.

म्हणून माझी नात मोबाईलवर एका रीलवाल्या पोराला बघत बसायची, तेव्हा तिला बोलायला माझ्याकडं तोंडच नव्हतं. माझा जीव तुटायचा तो तिच्या आईसाठी, माझ्या सुनेसाठी.

आमच्या गावाहून डोंगरकडा गावच्या शाळेत जायला बस होती. ती मधूनमधून यायची बंद झाली, मग येईनाशीच झाली. आईबापांनी पोरी घरी बसवायला सुरुवात केली. तेव्हा सुनेनं जुना ऑटो घेतला आणि नवऱ्याकडून, म्हणजे माझ्या लेकाकडून, शेतातल्या गाडवाटेवर चालवायला शिकली. पहिल्याच दिवशी बांधावर चढवला. लोक हसले. तरी आमच्या गावच्या आणि वाटेवरच्या तांड्याच्या पोरी भरून रोज शाळेत न्यायला लागली. चिखल असो, ताप असो, हिचा हॉर्न वाजणारच.

आणि तिची स्वतःची लेक शाळेच्या अलीकडं, चिंचेजवळ ऑटो थांबवायला लावायची. तिथं उतरून ती पायी जायची, बाकीच्या पोरी फाटकापर्यंत ऑटोत. 'ऑटोवालीची पोरगी' म्हणून कोणीतरी चिडवलं होतं म्हणे. सून ब्रेक दाबायची, समोर बघत राहायची. फक्त एकदा चुलीपुढं मला म्हणाली, "आत्याबाई, ही शिकून मोठी झाल्यावर मला वळखंल का?"

मी "गप, भाकर जळून राहिली" म्हणाले.

यंदा शाळेच्या गॅदरिंगला तोच रीलवाला प्रमुख पाहुणा म्हणून ठरला. फाटकावर त्याचा गॉगलातला फोटो, माणसापेक्षा मोठा. नात सूत्रसंचालनाला, त्यासाठी नवाकोरा पांढरा कुर्ता. सून पहाटेपासून हळद शिजवायच्या कुकरवर होती, तशीच हात पुसून ऑटोवर बसली. पोरींसोबत मलाही घेतलं. चिंचेजवळ न सांगता थांबली. नात उतरली, चालायला लागली. फाटकाशी पोचल्यावर मी सुनेला म्हणाले, "आत चल की." ती म्हणाली, "न्हाई, मी गाडीजवळच बसते."

मांडव भरला, पाहुण्याचा पत्ता नाही. मग मुख्याध्यापक बाईंच्या फोनवर निरोप आला, त्याला दुसरीकडं कार्यक्रम आहे, जमणार नाही. स्टेजवर मधली खुर्ची रिकामी, टेबलावर शाल, श्रीफळ आणि भगवा फेटा. पोरं 'ओऽऽ' करायला लागली. बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन बसायला माणूस शोधत होत्या.

तेवढ्यात तांड्यावरची एक पोरगी उठून ओरडली, "बाई, काकूंना बसवा!"

"कोणत्या काकू?"

"आमच्या ऑटोवाल्या काकू!"

तिच्या मागं ऑटोतल्या सगळ्या पोरी, "काकू! काकू!" मागून एका बाप्यानं हसून विचारलं, "काहून, ऑटोलाबी हार घालता का?" लोक खो खो हसले.

बाईंनी मात्र नातीला 'पुकार' म्हणून खूण केली. माझं लक्ष तिच्याकडं. माईक तिच्या हातात, नाव तिनंच पुकारायचं. तिनं एकदा रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, एकदा फाटकाकडं. मी ह्या वयात नखं खाल्ली. ही पोरगी आता चिंचेजवळच उतरते की फाटकापर्यंत येते, एवढंच बघायचं होतं.

तिनं घसा खाकरला. पुस्तकी आवाजात सुरू झाली, "आजच्या कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्या, ज्यांच्यामुळे माझ्या वर्गात माझ्या मैत्रिणी आहेत..." आणि पुस्तक तिथंच संपलं. "त्या माझ्या मम्मी हायेत. मम्मी, ये ना आत. गाडी राहू दे."

सुनेला पोरींनी ओढत आणलं. पदर खोचलेला, तोंड लाल. रीलवाल्यासाठी आणलेला फेटा तिच्या डोक्यावर चढवला, तो एका कानावर कलला. बोला म्हटल्यावर माईक तोंडाला चिकटवून म्हणाली, "पोरींनो, सकाळी वेळेवर बाहेर निघत जा. हॉर्न वाजवू वाजवू तकलीफ होती." मांडव हसून लोटपोट. मघाचा तो बाप्याही टाळ्या पिटत होता. मी तर शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगितलं, "माझी सून हाय." तिनं तीनदा ऐकून घेतलं.

नात जाऊन आईला बिलगली. आईनं पाठीवर हात ठेवला. हात काढला तर पांढऱ्या कुर्त्यावर पाच बोटं, पिवळीधमक.

सून कानकोंडी झाली. "अगं बाई, नवा कुर्ता. हे काय केलं मी!"

मला ते हिंगोलीचं दुकान आठवलं, ती वळलेली मान आठवली. नातीनंही मान वळवून पाठ बघितली. म्हणाली, "असू दे."

आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि धुऊन जात नाही. त्याला ऊन लागतं. ऊन डाग पिऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या दोरीवर सगळ्यांचे कपडे होते, कुर्ता नव्हता. तो आतल्या खोलीत खुंटीला टांगलेला, खाली टपटप पाणी.

"काहून गं, उन्हात टाक की," मी म्हणाले.

बाहेर हॉर्न वाजला. दप्तर उचलत ती म्हणाली, "नको आजी. उन्हात निघून जाईल ना." आणि पळत जाऊन ऑटोत पुढं, आईला खेटून बसली.