आधी जीभ

आमच्या लहानपणी सोनपेठच्या बाजाराला एक डॉक्टर यायचे. नाडीबिडी नंतर, आधी सोताची जीभ बाहेर काढायचे अन् म्हणायचे, "आता तुजी दाखव." एकदा त्यांनी भर बाजारात आमच्या बापाला अडवलं. बापानं शेळीची दोरी हातात धरूनच जीभ दाखवली.

"तंबाखू लय व्हायलीय, मामा."

मागं तंबाखू मळत उभे असलेले लोक गपगुमान पांगले.

परवा लेकानं मला परभणीच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. तो नुसते तपासणीचे कागद बघायलाय. मी जीभ काढून बसलो.

"बाबा, तोंड मिटा," डॉक्टर म्हणला.

"आधी बघा. त्याबिगर मी गोळी घेणार न्हाई."

शेवटी वाकून बघितलं त्यानं. "तंबाखू खाता का?"

मी लेकाला म्हणलं, "घे इकत गोळ्या. ह्याला डॉक्टरकी येते."