खंडेनवमीचा टॅग

चित्रा शिरसाट ही बाई मुळातच चिवट. कोपर स्टेशनबाहेरचा भाजीवाला तिला लांबून पाहिलं की कोवळ्या भेंड्या आधीच बाजूला काढतो, कारण एकेक भेंडी मोडून बघितल्याशिवाय ही पिशवी उघडायची नाही. अशा बाईला डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसरचं काम मिळालं. शेठच्या मते दुधात साखर, कामगारांच्या मते मिठाचा खडा.

गेलं वर्षभर तिला टॅगांनी पछाडलं होतं. मशीनच्या आत माणूस उतरला की बाहेर स्विचवर त्याच्या नावाचा टॅग लटकवायचा आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा, असा नियम. पॅनेल इतकं जुनं की स्विचला कुलूप घालायची सोयच नव्हती. आतल्या माणसाच्या जिवाची सगळी भिस्त त्या टॅगवर, आणि टॅग कसला, तर पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक चढवलेलं. अॅसिडच्या वाफेने त्याची अक्षरं उडायची. असाच एक कोरा पडलेला टॅग कुणीतरी कचरा म्हणून फेकला, आणि आतला माणूस थोडक्यात वाचला. तेव्हापासून चित्राला धड झोप नव्हती.

तिने नमुने मागवले. अॅसिडच्या टाकीवर टांगले, गच्चीवर वाळवणासारखे उन्हात घातले, वाफेच्या पाइपाला बांधले, रंगाने माखलेल्या हातांनी चोळले. एक जाड लालभडक प्लॅस्टिकचा टॅग या सगळ्याला पुरून उरला. त्यावर तिने प्रत्येकाचा फोटो छापून घेतला. नाव वाचायला वेळ लागतो, ओळखीचं तोंड दिसलं की हात आपसूक थांबतो, असं तिचं म्हणणं. विक्रेता सांगत होता, पट्टीने बांधायचा घ्या, कापल्याशिवाय निघत नाही. हिने साध्या आकड्याचा, नुसता अडकवायचा घेतला. हातमोजे घातलेला माणूस पट्टी बांधायचा कंटाळा करणार आणि टॅग लावणारच नाही, हे ती ओळखून होती.

टॅग आले तसे कामगार हरखले. आंबिवलीहून येणारा जुना फिटर भिवा म्हात्रे, त्याने तर आपला टॅग घरी नेऊन बायकोला, शकूला दाखवून आणला. शकू म्हणाली, लग्नातपण एवढा चांगला फोटो आला नव्हता. चित्राला कृतकृत्य वाटलं, आणि का वाटू नये?

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात मशीनं धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. पक्कड, पाने, हातोडे पाटावर मांडायचे. आरती झाली की शेठ मोठ्या मिक्सरपुढे नारळ फोडतात आणि मुहूर्ताला त्याचं हिरवं बटण दाबून तो क्षणभर फिरवतात. हा मिक्सर म्हणजे दोन माणसं आत उभी राहतील एवढं पोलादी भांडं, आत धारदार पाती.

चित्राचं घर बौद्ध. पूजेच्या वेळी ती वर ऑफिसात बसायची आणि दुसऱ्या दिवशीच्या विहारातल्या कार्यक्रमाची तयारी म्हणून लवकर निघायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण त्यामुळे इतक्या वर्षांत पूजेत काय काय मांडतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

या वर्षी ऑपरेटर दिपेश तिला बोलवायला वर आला. म्हणाला, "मॅडम, खाली या ना. आम्ही तुमच्या टॅगांचीपण पूजा केलीय. एक नंबर दिसतायत."

चित्रा खुशीत खाली आली. आरती रंगात होती, घंटा आणि टाळ्यांनी पत्रे दणाणत होते. पाटावर हत्यारांच्या शेजारी सगळ्यांचे लाल टॅग ओळीने मांडलेले. त्यातला एक मधोमध उभा, भिवाचा. कपाळावर कुंकू, आणि फोटोला झेंडूचा हार.

हार घातलेला फोटो कुणाचा असतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. चित्राची नजर गर्दीत भिवाला शोधू लागली. तो कुठेच दिसेना.

तिने दिपेशला बाजूला ओढून विचारलं. भिवाकाका मघाशी मिक्सर खरवडून वर आले, आंघोळीला गेले असतील, असं तो म्हणाला. टॅग काढायला विसरले होते, म्हणून त्यानेच स्विचवरून काढून पूजेला आणला. काका सगळ्यांत वडील, म्हणून मान त्यांचा.

चित्राने मिक्सरच्या शिडीकडे पाहिलं. आत उतरणारा माणूस चपला तिथेच काढून ठेवायचा, पण आज खाली चपलांचा ढीग होता. पूजेला सगळ्यांनीच चपला काढल्या होत्या. त्यात भिवाची असली काय आणि नसली काय.

नारळ फुटला. शेठ पॅनेलकडे वळले.

तिच्याकडे पुरावा नव्हता. मुहूर्त मोडला आणि भिवा ओला टॉवेल गुंडाळून बाथरूममधून आला, तर काय बोलणं होईल तेही तिला ऐकू येत होतं: मॅडमना काय, त्यांना कुठे आपली पूजा. तरी ती गर्दी लोटत पुढे गेली आणि शेठचं बोट पोचायच्या आत तिने हिरवं बटण तळहाताने झाकलं.

"भिवाकाका समोर दिसेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

शेठचा चेहरा उतरला. मुहूर्त टळतोय, एवढंच ते म्हणाले. घंटा वाजवणारा हात हवेतच राहिला आणि शेडमध्ये एकाएकी शांतता पसरली.

त्या शांततेत मिक्सरच्या पोटातून आवाज आला. खर्र, खर्र. पत्र्याने पोलाद खरवडल्याचा.

दोघेजण शिडीवर धावले. भांड्याच्या तोंडातून आधी निळे हात वर आले, मग भिवाचं डोकं. तळाशी रंगाचा एक थर राहिला होता. घाण मशीनची पूजा बरी नव्हे, म्हणून तो पुन्हा उतरला होता. टॅग तर लावलेलाच होता ना, मग भीती कसली.

"आरती झायली पन?" त्याने विचारलं. "मना हाक तरी मारायची रं."

त्याने पाटाकडे पाहिलं, आपल्या फोटोकडे, हाराकडे, मग पॅनेलवर अजून तळहात दाबून उभ्या असलेल्या चित्राकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. शेठ खुर्चीत बसून इलेक्ट्रिशियनला सांगत होते, आत्ताच्या आत्ता पॅनेलला कडी बसव, प्रत्येकाला कुलूप दे, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात.

भिवा पाटापाशी गेला. हार काढून त्याने खाली ठेवला आणि निळ्या अंगठ्याने फोटोवरचं कुंकू पुसलं. ते चटकन निघालं, डाग राहिला नाही.

"ट्याग भारी हाय तुमचा, मॅडम," तो हळूच म्हणाला. "कायपन लागत नाय त्याला."

वर्षभर हीच शाबासकी ऐकायची चित्राला हौस होती. आता तिच्याच्याने ती ऐकवेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि लहान मुलीसारखी रडली.