समई मी स्टुलावर ठेवली

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, आईसमोर नाही, दोन ग्लास पोटात गेले की जगाला मिठ्या मारणाऱ्या माझ्या मित्रांसमोरही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बसलोय. आणि बघा, अजून विषयाला हातही घातलेला नाही.

मी बदलापूरला राहतो, कात्रपमध्ये. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत बरीच वर्षं काढली. ती बंद पडली, आणि मग जांभूळच्या बाजूला एक छोटी ब्रुअरी निघाली तिथे लागलो. ब्रुअरी म्हणजे काय हो — चार टाक्या, तीन पायऱ्या उतरून एक थंड खोली, आणि मागे आंब्याच्या झाडांखाली बाकडी टाकून केलेलं बियर गार्डन. मालक उल्हासनगरचे, मूळ मिठाईच्या धंद्यातले. त्यांना आम्ही सेठ म्हणतो. माणूस भला आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे आहे त्यात त्यांचा काही दोष नाही.

शनिवार-रविवारी लोक येतात. ठाण्याची, डोंबिवलीची पोरंपोरी, घरी ‘धरण बघायला चाललोय’ असं सांगून निघालेली. त्यांना कारखाना फिरवून दाखवायचं काम माझं. मला आवडतं ते. माझं तोंड कायम चालू असतं, त्याचा पगार मिळतोय म्हटल्यावर कोणाला नाही आवडणार? फेरीच्या शेवटी मी एक गंमत करतो. बियरचं मिश्रण आंबत ठेवलेली एक मोठी काचेची बरणी आहे. तिच्यात जळती काडी हळूच सोडायची. काडी खालच्या मिश्रणाला टेकायच्या आधीच फुस्स करून विझते. मग मी सांगतो — आंबताना वायू निघतो, मंडळी. दिसत नाही, वास येत नाही, हवेपेक्षा जड म्हणून तळाशी बसतो. त्यात ज्योत जगत नाही, आणि जिथे ज्योत जगत नाही तिथे माणूस... एवढं म्हणून मी थांबतो. लोक टाळ्या वाजवतात.

म्हणजे मला माहीत होतं. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे तुम्ही माझ्या बाजूने काही शोधायला जाऊ नका.

त्या वर्षीची खंडेनवमी. यंत्रांची पूजा. आमच्याकडे दसऱ्यापेक्षा हीच मोठी — टाक्यांना हळदकुंकू, पान्यांना फुलं, माप घ्यायच्या काचेच्या नळीलासुद्धा झेंडूची पाकळी. सकाळी मी खालच्या थंड खोलीत एक काम केलं होतं. तिथे बियरची स्टीलची पिंपं असतात, आणि तोच वायू भरलेला एक मोठा सिलिंडर असतो. त्याच्या जोरावर बियर वर बागेतल्या नळांपर्यंत चढते. सिलिंडरची नळी जुनी झाली होती, ती मी बदलली. नवी नळी बसवली की जोडावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले तर गळती आहे असं समजायचं. एवढं साधं. पण वर तोरणं बांधायची होती, सेठ हाका मारत होते. म्हटलं, नंतर बघू.

पूजेची मुख्य समई खालच्या खोलीत लावायची असं सेठच्या आईनं ठरवलं. त्यांना सगळे अम्मा म्हणतात. माल जिथे, लक्ष्मी तिथे, असं त्यांचं म्हणणं. आणि समई लावायचा मान त्यांनी सुलभाताईंना दिला. सुलभाताई आमच्याकडे झाडलोट करायच्या. शिरगावच्या, नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. त्यांचे नवरात्राचे नऊ दिवस उपास, नऊ दिवस पायात चप्पल नाही, घरी घट बसवलेला. अम्मा म्हणाल्या, आज तुझ्याइतकी शुद्ध बाई इथे कोण आहे? सुलभाताई केवढ्या लाजल्या. पदर खोचला, जमिनीवर रांगोळी काढली, पाटावर समई ठेवली आणि वात लावली.

विझली.

पुन्हा लावली. पुन्हा विझली. कोणी म्हणालं वात ओली असेल, कोणी म्हणालं पंख्याचं वारं लागतंय — पंखा बंद करा. केला बंद. मग तर काडीसुद्धा पाटापर्यंत पोचेना. अम्मा हळूच म्हणाल्या, “बेटा, दिया क्यों बुझ रहा है? ये अच्छा नहीं है.” सुलभाताईंचा चेहरा मी पाहिला. पांढराफटक. सगळ्यांदेखत आपलं काहीतरी उघडं पडावं तसा.

मला कळलं होतं. तिसऱ्यांदा विझली तेव्हा नव्हे हो, पहिल्यांदाच कळलं! नळी. फेस लावला नव्हता. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, सगळे वर चला, गॅस गळतोय. पण वर बाग भरलेली, सेठ नवा कुर्ता घालून उभे, आणि नळी बदलणारा मी. कंपनी बंद पडल्यावर मी घरी कसा बसलो होतो ते मला आठवलं. भीती वाटली. आणि भ्यालेल्या माणसाचं डोकं किती झरझर चालतं म्हणून सांगू! मी पुढे झालो, समई उचलली आणि कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर ठेवली. काडी लावली. तेवत राहिली.

कोणीतरी ओरडलं, “उदो बोला उदो!” अम्मांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सुलभाताईंनी मला चक्क नमस्कार केला. त्या खोलीत मरण कुठवर चढलंय हे मला बरोबर माहीत होतं — आणि मी त्याच्या वर दिवा लावून दाखवला.

मनात ठरवलं होतं, सगळे वर गेले की दार उघडं टाकतो, पंखा लावतो, गुपचूप नळी आवळतो. खरंच ठरवलं होतं. पण लोक वर गेले, थंडावा जाऊ नये म्हणून कोणीतरी दार लोटून घेतलं, आणि सेठ म्हणाले, पाहुणे थांबलेत, फेरी सुरू कर. मी सुरू केली. पाच मिनिटं, म्हटलं. दहा मिनिटं. मी बरणीत काडी सोडत होतो, लोक मोबाईल वर धरून उभे होते, काडी विझली, टाळ्या वाजल्या. आणि त्या टाळ्यांमध्येच खालून भोईरकाकांची हाक आली.

भोईरकाका आमचे वॉचमन, जांभूळ गावचेच. प्रसादाचा नारळ आणायला ते खाली निघाले होते. मी धावलो. काका दार उघडून उंबऱ्यातच उभे होते. सुलभाताई रांगोळीवर आडव्या पडल्या होत्या, हातात फडकं. पूजेच्या जागी तेल सांडलेलं त्यांना बघवलं नसणार, म्हणून परत खाली येऊन उकिडव्या बसून पुसायला गेल्या. “आरं बघतोस काय, सुलभा पडलीय, चल!” असं म्हणून काका पायऱ्या उतरले.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. इथवर तुम्ही मला घाबरट म्हणाला असाल, चालेल. पण पुढचं?

मी उतरलो नाही. वरच्या पायरीवर उभा राहिलो. पंख्याचं बटण माझ्या खांद्याशी होतं. ते दाबलं असतं तरी हवा हलली असती. “काका, श्वास रोखा” — तीन शब्द. तेही नाही. कारण बटण दाबलं, तोंड उघडलं, की ह्याला ठाऊक होतं हे सगळ्यांना कळलं असतं. साठीचा म्हातारा त्या वायूत वाकून एका बाईला ओढत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि मी, ज्याला सगळं माहीत होतं, मी एक पाऊल मागे आलो. पुढे नाही हो. मागे.

काका त्यांना घेऊन आले. कसे आले देव जाणे. बाहेर येऊन भडाभडा ओकले, दिवसभर डोकं धरून बसले. मी रिक्षा आणली. हो, रिक्षा मी आणली, धावत जाऊन आणली, आणि आजही लोक त्याचं कौतुक करतात. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं नेमकं? मी म्हणालो, “नऊ दिवसांचा उपास आहे हो त्यांचा. चक्कर आली.” माझ्या आधी कोणीही उपासाचं नाव काढलं नव्हतं. ते माझं. मी घातलं ते सगळ्यांच्या तोंडात. डॉक्टरांच्यासुद्धा! त्या बाईला कशाने झालं ते ज्यांना सांगायला हवं होतं, त्या डॉक्टरांना मी उपास सांगितला.

परत येऊन नळी आवळली. मग फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही.

सुलभाताई वाचल्या. पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. बोलता बोलता शब्द हरवतो, मग त्या आपल्याकडे बघत बसतात. उजवा हात थरथरतो, चहाचा कप बशीवर वाजतो. काम सुटलं. आणि घट बसवायचा त्यांनी सोडला. का? तर देवीनं माझा दिवा घेतला नाही, म्हणाल्या. सगळ्यांदेखत तीनदा नाकारला, मग मला खाली पाडून दाखवलं. मी भाऊबीजेला जातो त्यांच्याकडे — जावंच लागतं, त्या वाट बघतात — आणि दरवर्षी थरथरत्या हाताने ओवाळताना त्या म्हणतात, “भाऊ, तुझ्या हातून तेवली रे. माझ्या हातून नाही तेवली.” “असं काय पाप घडलं होतं माझ्याकडून?” हेही विचारतात. मला विचारतात! आणि मी लाडू खातो.

त्या घराची पायरी चढताना मनात एकच असतं. एखाद्या दिवशी हरवलेले शब्द परत आले तर? डोकं जड झालं होतं, श्वास लागत नव्हता, असं काही आठवलं तर? माणसाने बाईच्या बरं होण्याला घाबरावं, इतका मी खाली गेलोय.

सगळं इथवरच असतं तर कदाचित मी अजूनही गप्प बसलो असतो. पण आता प्रणाली आलीय. त्यांची मुलगी. बारावी झाली, पुढे शिकायचंय, म्हणून आईच्या जागी सेठनी तिला घेतलं. सुलभाताईंनी कामावर पाठवताना एकच अट घातली, उपास करायचा नाही. साधी चतुर्थीसुद्धा नाही. रोज सकाळी समोर बसवून तिला पोळीभाजी खाऊ घालतात. पोट भरलेलं असलं की खालच्या खोलीत काही होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ती समजूत कोणी करून दिली, ते तुम्हाला माहीतच आहे.

मागच्या रविवारी मी बागेत पाहुण्यांना बरणीतली काडी दाखवत होतो. प्रणाली शेजारचं टेबल पुसत होती. काडी विझली, आणि तिचं फडकं थांबलं. पाहुणे पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. हुशार पोरगी आहे. म्हणाली, “मामा, हा गॅस आपल्या खालच्या खोलीत पण असतो का?”

तिचे डोळे अगदी आईसारखे. मला वाटलं, आलं. आता आलं. हो म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला — मग आईला काय झालं होतं? आणि मी म्हणालो, “छे गं, वेडी आहेस का? तो फक्त बरणीत आणि टाकीत. खाली कुठून येणार!”

ती हसली. मनावरचं ओझं उतरल्यासारखी हसली आणि टेबल पुसायला गेली.

पहिल्या खोट्याला निदान भीती तरी होती म्हणू. ह्याला काय म्हणू? आता ती बिनधास्त उतरते. दार लोटून घेते, खाली बसून कोपरे पुसते, गाणं गुणगुणते. मी तिच्या आधी जाऊन पंखा लावतो, नळीला फेस लावून बघतो. पण सिलिंडर आता दुसरी पोरं बदलतात, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी फेस कोणी लावत नाही, कारण तो का लावायचा हे मी कोणाला सांगितलेलंच नाही. सुट्टीच्या दिवशी मी घरी फोन मांडीवर घेऊन बसतो. फोन वाजला की बायको म्हणते, दचकता काय एवढे?

आज सकाळी ती खाली उतरली तेव्हा मी वर दाराशी उभा होतो. आईने पोटभर खाऊ घालून पाठवलेली ती पोरगी उद्या तिथे पडली, तर मी आत जाईन का? खरं सांगायला बसलोय म्हणून सांगतो — मला वाटतं, नाही जाणार.