मावसांच्या फुप्फुसांची मोजणी

मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. जवळा बाजार या गावचे आमचे मावसा जमिनीचे सरकारी मोजणीदार होते. निवृत्तीच्या वेळी मोजणीची साखळी सरकारजमा झाली, सवय मात्र त्यांच्याकडेच राहिली. मुलाच्या सोयरिकीला गेले तेव्हा त्यांनी आधी अंगणाची लांबी-रुंदी पाहिली, मुलगी नंतर. ‘दरसाल मोजावं,’ ते म्हणत, ‘बांधाला पाय असतात.’ माप घेताना ते श्वास असेल तिथेच रोखून धरत. श्वास हलला की हात हलतो, आणि हात हलला की जमीन शेजाऱ्याकडे जाते, हा त्यांचा सिद्धांत.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांची फुप्फुसं आतून घट्ट होऊ लागली. हैदराबादला सीटी स्कॅन झाला. तिथल्या संगणकाने फुप्फुसाचा किती भाग घट्ट झालाय ते मोजून तेवढाच लाल रंगवून दाखवला. मावसा थक्क झाले. ‘हे तर अतिक्रमण!’ तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वर्षाने पुन्हा बोलावलं. लाल वाढलं तर गावची धूळ सोडून पुण्याला मुलाकडे राहायचं, असा मावशीने निकाल दिला. मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला बांध नसतो, या विचाराने मावसा वर्षभर खचलेले होते.

दुसऱ्या वर्षी मी सोबत होतो. लाल वाढलेलं होतं. ‘झालं, आता सामान बांधा,’ मावशी डोळे पुसत म्हणाली. डॉक्टरीणबाई मात्र दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघत राहिल्या. ‘चाचा, इस साल फेफडाच छोटा दिख रहा है. सांस पूरी भरे थे ना?’ श्वास अर्धवट असला की निरोगी भागही दाट दिसतो, असं त्यांनी समजावलं.

मावसा ओशाळले. ‘गेल्या साली मला नुसता फोटो वाटला व्हता. औंदा मशीन मोजून ऱ्हायली, हे ठाऊक व्हतं. म्हून श्वास हाय तिथंच धरला.’

‘आवो, तुमी मोजणीदार न्हाई,’ मावशी कडाडली, ‘तुमी वावर हायेत!’

पुन्हा स्कॅन झाला, छाती भरून. लाल गेल्या वर्षीच्याच हद्दीवर थांबलेलं होतं. जिवंत माणसाच्या आतली हद्द बाहेरून आखणाऱ्या त्या पडद्यापुढे मावसांनी हात जोडले. नकळत मीही जोडले.

मावसा शेवटपर्यंत जवळा बाजारातच राहिले. हद्द कायम झाली, असं गावभर सांगत, दम लागला की पारावर टेकत. पुन्हा मोजायला ते कधीच गेले नाहीत.