सतरंजी गुंडाळणारे नाना

पुढाऱ्याचं भाषण लांबलं की नाना मागच्या बाजूने सतरंजी गुंडाळायला घ्यायचे. लोक अजून बसलेले असायचे, पण नाना त्यांना उठवत उठवत पुढे यायचे. स्टेजवरचा माणूस मग आपोआप आवरतं घ्यायचा. विशेष म्हणजे पक्ष नानांचाच होता, लाल झेंड्याचा, आणि पुढारीही त्यांनीच बोलावलेला असायचा.

नाना मूळचे धुळ्याचे. तिथल्या कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे जळगावला आले आणि आमच्या वस्तीतल्या पक्षाच्या ऑफिसात राहू लागले. ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली, बाहेर पाण्याचा माठ. मी डाळ मिलमध्ये निवडाईला जायची. जाता-येता नाना ओट्यावर दिसायचे. एखादी बाई थांबली की म्हणायचे, "तू बोल, मी ऐकस." आणि खरंच ऐकायचे. मधे बोलायचे नाहीत. आमच्या घरचे पुरुष एवढं कधी ऐकत नव्हते.

पण ऐकून मतं मिळत नाहीत. एकेकाळी वस्ती त्यांच्या पक्षाची होती म्हणतात. नंतर कोणी देवळाला पैसे देणाऱ्याच्या मागे गेलं, कोणी जातवाल्याच्या. पक्षाचे लोक यायचे ते मोठमोठं बोलायचे. मी चौथी शिकलेली. कुठल्या देशात काय झालं ते मला कळायचं नाही आणि कळून करायचंही काही नव्हतं. शेवटी वरून सांगणं आलं, की या वस्तीत आता काही उरलं नाही, ऑफिस बंद करा. नाना एवढंच म्हणाले, की एकदा बायांची मीटिंग घेऊन बघा, मग कुलूप लावा.

मीटिंग घ्यायला पुण्याहून एक तरुण बाई आली. तिला सगळे कॉम्रेड म्हणायचे. दिवस वरच्यांनीच ठरवला होता. सुट्टी बघून ठरवला आणि नेमकी आखाजी गाठली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, दिवसभर गाणी चालतात. त्या दिवशी बाईमाणूस कोणाचं ऐकत नाही. सतरंजीवर कॉम्रेडबाई एकटी बसलेली आणि कर्णा वाजतोय. नाना मला पुढे सांगत होते, की ती रडायच्या बेतात होती.

नानांनी रिकामी सतरंजी गुंडाळली आणि तिला म्हणाले, "आज आखाजी शे. बठ्ठ्या बाया झोक्यावर शेतस. चल तिकडे. पण तिथे बोलायचं नही."

दोघं आमच्या निंबाखाली आले. पोरींनी कॉम्रेडबाईला झोक्यावर बसवलं आणि तिच्या नावाने एक चावट गाणंही म्हटलं. ती लाजली, पण उतरली नाही. उतरली तेव्हा घामाने भिजली होती. मी पाणी दिलं. तिने गटागटा तांब्याभर प्यायलं आणि आणखी मागितलं.

मी म्हटलं, "आमच्या मिलमध्ये असं पाणी पिऊ नको गं बाई. कुठे जाशील?"

बाया हसल्या. ती हसली नाही. तिने विचारलं तसं मग एकेकीने सांगितलं. मिलमध्ये बायांना संडास नव्हता. गोडाऊनमागे जायची सोय होती, पण तिथे ट्रक उभे राहायला लागले. म्हणून उन्हाळ्यातही आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नव्हतो. एकीचा मूतखडा त्यातलाच, दुसरी चक्कर येऊन पडली तीही त्यातलीच.

नाना जमिनीवर काडीने रेघा ओढत होते. म्हणाले, "अक्का, मी रोज ओट्यावर बसस. हे माले कसं नही सांगं?"

"तुम्ही पुरुषमाणूस, नाना. तुम्हाला काय सांगायचं?"

नानांनी काडी टाकून दिली. मग कॉम्रेडबाईकडे वळून म्हणाले, बाकीच्या मागण्या बाजूला ठेव, आता ही एकच.

आखाजीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी नानांनी ऑफिसचा माठ डोक्यावर घेऊन मिलच्या दारात ठेवला. झेंडा आणू दिला नाही. आम्ही सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायलं आणि आत गेलो. थोड्या वेळाने शेटच्या केबिनला लागून जो त्याचा स्वतःचा संडास होता, त्याच्यापुढे रांग लावली. शेट आधी ओरडला, मग केबिनमधून बाहेरच येईना. दुसऱ्या दिवशीही पाणी, दुसऱ्या दिवशीही रांग. त्याच आठवड्यात विटा येऊन पडल्या.

ऑफिस बंद झालं नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांचा उमेदवार पडलाच, पण वस्तीत मतं पडली, आणि मिलमधल्या बऱ्याच बाया युनियनमध्ये गेल्या. मी गेले नाही. मला मीटिंगांचा कंटाळा आहे.

नाना मागच्या थंडीत गेले. शोकसभेत एक पुढारी फार वेळ बोलत होता. मी मागून सतरंजी गुंडाळायला घेतली. बाया उठल्या.

परवा कॉम्रेडबाई घरी आली, हातात पत्रकांचा गठ्ठा. निवडणूक आली आहे. वाचायला लागणार तेवढ्यात मी म्हटलं, "ते राहू दे. सून मिलमधून येईल, तिला विचार सध्या काय नडतंय."

तिने गठ्ठा पिशवीत टाकला आणि ओट्यावर बसली. सून आली. पाण्याची मोठी बाटली सकाळी भरून नेते, ती रिकामी आणून कोपऱ्यात ठेवली. माझ्या काळी बाटली नेण्यात अर्थच नव्हता. पदराने तोंड पुसत ती बसली आणि काय काय सांगू लागली. कॉम्रेडबाई मधे एक शब्द बोलली नाही.